बैल कोलाडच्या बाजारात

७ फेब्रुवारी १९९९, रविवार

पेणहून एलियाहकाकांबरोबर मागवले — प्रसादाच्या मालिद्यासाठी पोहे दोन किलो, ३६ रु. नारळ चार, २४. भाविका चालवते त्या कॉम्प्युटर क्लासात इंटरनेटचा एक तास — ९०! ह्यांना नव्वदचे साठ सांगितले. देवा, माफ कर.

पण जमलं! आमच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून आम्ही नऊ जण रोह्यात, तिकडे इस्रायलात अश्दोदला सासूबाईंच्या भावाच्या, सामाजीमामांच्या घरी दहा-बारा. सासूबाई गोष्ट सांगतात, भाविका इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करते, तिकडे मामांची नात शीरा वाचून दाखवते. मी हे शनिवारी तारे दिसून आपला शब्बाथ सुटल्यावर ठेवणार होते. मामींनी पत्रात कळवलं, तिकडे तेव्हा दुपारच असते, शब्बाथ संपलेलाच नसतो! म्हणून रविवार.

सासूबाई आधी तोंडच उघडेनात. "हुंकार कोन देनार? न्हायतर भितीशी बोलल्यावानी." तेव्हा मामांनी स्वतः एका बोटाने टाइप केलं — हं. काचेवर उमटलं आणि सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सत्तावीस वर्षांनी भावाचा हुंकार!

गोष्ट त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. तेलाच्या घाण्याचा बैल, शनिवारी पाऊल उचलत नाही. मामा लहानपणी हुंकार देता देता अर्ध्यात झोपायचे. "त्यानं शेवट कदी ऐकलाच नाय. आयकवल्याबिगर जायची नाय मी."

शेजारची जनी, मिठागरात कामाला जाते, तीही आलेली. "गो आजी, त्यो मामाच हाय का नुस्तं मशीन, काय म्हाईत!" सगळे हसलो.

१४ फेब्रुवारी

लाइन लागली नाही. सासूबाई तासभर रिकाम्या काचेकडे बघत बसल्या.

२१ फेब्रुवारी

आज झकास. प्रत्येक वाक्याला हं, अगदी वेळेवर. सासूबाई खुलल्या. मालिदा सगळ्यांना पुरला, जनीने घरीही नेला.

८ मार्च, सोमवार

मामींचं पत्र. माझ्या नावावर, म्हणून मीच फोडलं.

सामाजीमामा १८ फेब्रुवारीला गेले. त्याच दिवशी माती झाली. "वन्संना कळवू नका, त्यांच्या काळजाच्या दुखण्याचं सगळं ऐकलंय. गोष्ट पुरी होईपर्यंत शीराच हं देईल."

म्हणजे एकवीसला, अठ्ठावीसला, कालसुद्धा — ती पोरगी! आणि मी शेजारी बसून "बघा, मामा कसे ऐकतायत" म्हणत होते.

पत्र तांदळाच्या डब्यात, तळाशी.

ह्यांना बाहेर ओट्यावर सांगितलं. आत डोकावून आईला बघून आले. मग म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? धक्का नको." मी म्हटलं, "सख्खी बहीण आहे. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसायचा त्यांचा हक्क आहे." आमच्यात मरणाची बातमी तीस दिवसांच्या आत कळलं तर सात दिवस, नंतर कळलं तर फक्त घटकाभर. बोटांवर मोजलं. एकोणीस मार्चला तीस होतात.

"मग एकोणीस जाऊ दे," हे म्हणाले. "वीसला सांगू."

सख्खा मामा ह्यांचा! पण आईही ह्यांचीच.

१० मार्च

प्रार्थनेत दोनदा चुकले. पाठ असलेलं.

१२ मार्च, शुक्रवार

शब्बाथचा दिवा लावत होते. मागून सासूबाई — "सामाजीचं पत्र नाय आलं गो?"

"नाही."

ज्योतीसमोर हात धरलेले असताना म्हणाले मी हे! मामांचं नव्हतंच, मामींचं होतं, असं नंतर मनाला समजावलं. मन ऐकेना.

१४ मार्च, रविवार

आज जायचंच नव्हतं मला. डोकं दुखतंय म्हटलं. सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या. "तुझं डोस्कं पुलावरच्या वाऱ्यानं थांबंल. चल."

गोष्ट रंगात आलेली. तेली कंटाळला, बैलाला दोरी लावली, दोन दिवस चालवत नेलं. "नि मंग बैल कोलाडच्या बाजारात इकला."

हं.

सासूबाई थांबल्या. भाविका म्हणाली, "आजी, पुढं?"

"इकला," त्या पुन्हा म्हणाल्या.

हं.

तिसऱ्यांदा अगदी हळू. "इकला रे सामाजी."

हं.

काचेकडे बघत राहिल्या. जनी म्हणाली, "आजी, बैलाला बाजारातच ठेवतेस काय?" कोणी हसलं नाही. सासूबाई उठल्या. "आज एवढंच."

पुलावर माझा हात घट्ट धरला. नखं रुतली. मला वाटलं छातीत कळ आलीय. विचारलं तर मान हलवली, नुसती.

१५ मार्च, सोमवार

सकाळी बघते तो सासूबाई जमिनीवर बसलेल्या. सुतकात फाडतात तसा चोळीचा गळा फाडलेला.

"सामाजी कोलाडच्या बाजाराम्होरं कदी जागा ऱ्हायला नाय. त्यो असता तर तितं थट्टा केली असती, नुस्तं हं नाय. कवा गेला?"

सांगितलं. डब्यातून पत्र काढून हातात दिलं. ह्यांनी येऊन आईच्या पायाशी डोकं ठेवलं. मग त्या मला म्हणाल्या, "त्या काचेवर नको. कागूद घे, लिही."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, आजच टपालात टाकलं — शीरास आशीर्वाद. मी सात दिवस बसते आहे. पुढच्या महिन्यातला सण झाला की बैलाचं पुढचं सांगेन. हुंकार तूच दे, तुझ्या नावाने. शेवटापर्यंत जागी राहशील ना, ते उलट टपाली कळव.