शार्दूलविक्रीडितातलं फंक

३ मार्च, पहाटे
साठ वर्षांपूर्वीचा वर्ग कानात घुमत जाग आली. चाळीस पोरं एका दमात कविता म्हणतायत, बाकांवर मुठी आपटतायत, गुरुजींची छडी टेबलावर बरोबर समेवर. जगातलं पहिलं फंक, म्हणजे ठोक्यावर नाचवणारं संगीत, तेच. आमच्या बँडमधल्या बैलांना हे सांगून उपयोग नाही.
ठरलं. बँडच्या चाळिशीचा कार्यक्रम अठ्ठावीसला. गाणार अर्थात मी. नवं गाणं, शार्दूलविक्रीडित वृत्तात. ओळीला एकोणीस अक्षरं. एकही कमी नाही.

६ मार्च
गॅरेजमध्ये तालीम. (गॅरेज माझं. लिहून ठेवलेलं बरं.) बासवाला म्हणाला, फंकमध्ये पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकत्र पडायचं असतं, आणि तुमचं अक्षर तेव्हा घशातच असतं. चार तारा खाजवणारा माणूस मला वृत्त शिकवतो.
ड्रमवाला मात्र माझ्या पायाकडे बघून वाजवतो. याला म्हणतात आदर.

१० मार्च
आदरबिदर काही नाही, ड्रमवालाच म्हणाला. मी ठोक्यावर उशिरा येतो, म्हणून बारा वर्षं तो माझा पाय बघून अख्खा बँड मागे ओढतोय. आता दमला. कृतघ्न.
बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." हिला संगीतातलं काय कळतं? (वीस वर्षं कोरसमध्ये गातेय, ते सोडा.)

१५ मार्च
ट्रम्पेटवाल्याची मध्यस्थी. मी कोट घालून फक्त निवेदन करावं, गायला दुसरा कुणी बघू. चालते व्हा म्हणालो. गॅरेजला कुलूप. ड्रम आत, अ‍ॅम्प आत, किल्ली माझ्या खिशात. दोन दिवसांत पाय धरत येतील.

१७ मार्च
आले नाहीत.

२० मार्च
लाजत असतील. दुसरं कडवं झालं. एका ओळीत अठराच अक्षरं भरली, शेवटी 'हो' घातला.
बायको रोज संध्याकाळी ड्रमवाल्याच्या घरी जाते. सहज म्हणे. तिथून जाताना डब्यांवर ठेका ऐकू येतो. येऊ दे. डबेच वाजवा.

२२ मार्च, सायंकाळी पाच
बेल. आले एकदाचे. कोट चढवला, चेहरा कठोर केला. माफ करायचं, पण लगेच नाही. दार उघडलं.
माझा दातांचा डॉक्टर. इस्त्रीचा शर्ट, हातात गाण्याचा कागद. म्हणाला, बँडला गायक हवाय अशी जाहिरात वाचली, ऑडिशन इथेच ना? मूर्खांनी जुन्या लेटरहेडवरचा माझाच पत्ता छापलाय. धड जाहिरात देता येत नाही.
मी झापायला तोंड उघडलं. त्यानं सवयीनं वाकून आत पाहिलं.
"काका, मी बसवलेली कवळी लावत नाही का? असू दे. आता तुम्हाला कुठं गायचंय."