आईसाठी भरलेलं कार्ड

दादा, तुम्ही आईसाठी गाणी भरून दिलेलं ते छोटं मेमरी कार्ड गेल्या महिन्यात माझ्या हातून पुसलं गेलं. गाणी वाचली, ती मी आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. गेला तो क्रम. कोणत्या गाण्यामागून कोणतं यावं, हे तुम्ही तिच्या दिवसाकडे बघून एकेक करून लावलं होतंत, आणि तुम्ही गेल्यावर, वडिलांच्या हातचं म्हणावं असं आमच्याकडे तेवढंच उरलं होतं. हे मी कागदावर लिहितेय, कारण फोनमध्ये काही लिहिलं की ते आईच्या फोनमध्येही उमटतं. तिच्या नव्या फोनला वेगळं खातं काढून द्यायचा मला कंटाळा आला, म्हणून मी माझंच टाकलं. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या फोनात राहतोय.

नवा फोन घ्यावाच लागला. आपल्या औंढ्याच्या वरच्या अंगाला ज्या बंगल्याची साफसफाई ती तुमच्या वेळेपासून बघते, तो आता दुसऱ्यांनी घेतलाय. नव्या मालकीणबाईंना रोज फोटो लागतात. गाद्यांवरच्या चादरी, न्हाणीघर, पोहायचा हौद, सगळ्यांचे. आईच्या बटणांच्या फोनला ते कुठून जमायचं? त्याची बॅटरी फुगून मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं. तरी तो दिवसभर गायचा, तिच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत. आता तिने काढलेले फोटो माझ्याकडेही येतात. वराळ्याच्या कंपनीत, स्टोअरमध्ये, डबा उघडून बसावं तर समोर तीन स्वच्छ संडास. घरातल्यांचे, ऑफिसातल्यांचे, सगळ्यांचे फोन मीच बघते, दादा. कुणाची जागा भरते, कुणाचा पासवर्ड जातो, कुणाची गाणी दिसेनाशी होतात. 'तुला कळतं गं त्यातलं' म्हणून फोन पुढे करतात आणि आपण गप्पा मारत बसतात. मला त्यातलं काही कळत नाही, नुसती नाही म्हणायची ताकद उरलेली नाही.

तुमच्या दुकानात मात्र कंटाळा कसा तो माहीत नव्हता. लोणावळ्याच्या बाजारातलं ते जिन्याखालचं दुकान, आत एक कॉम्प्युटर, एक स्टूल आणि तुम्ही. बाहेर पाटी, गाणी भरून मिळतील. माणूस आत वाकून म्हणतो, "भाऊ, गाणी भरायचीत." तुम्ही कार्ड हातात घेता आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कशावर वाजवायचीत?" कोणती हवीत हे नंतर. ट्रॅक्टरवर वाजवायची तर वेगळी, घाटातल्या ट्रकमध्ये वेगळी, घरात वेगळी. एका ड्रायव्हरने संथ गाणी मागितली तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "आन् खंडाळ्याच्या उताराला डोळा लागला म्हंजे? शेवटाला टाकतो, घरी पोचलास की ऐक." भुशी धरणावर भिजायला आलेली पोरं तेवढी तुम्ही न विचारता काहीबाही भरून वाटेला लावायचात. बारावीच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचे. एकदा गर्दी होती, एक म्हातारी मावशी कार्ड घेऊन आली, मी सगळी गाणी एकदम निवडली आणि ढकलली. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "पोतं भरतीस का गं? तिला काय ऐकायचंय ते इचारलंस?" मावशी म्हणाली, "असू द्या भाऊ, लेकरू हाय." तुम्ही कार्ड पुसून पुन्हा भरलंत. मी पुढे दोन-तीन दिवस दुकानात आलेच नाही.

तर गेल्या महिन्यात मी तुमचं कार्ड नव्या फोनात घातलं. फोनने विचारलं, हे कार्ड वापरायला तयार करू का? मी हो म्हटलं. दिवसभरात फोन इतकं काय काय विचारतो आणि मी इतक्यांदा हो म्हणते की काय विचारलं ते वाचायचं राहूनच जातं. तयार करणं म्हणजे पुसणं, हे पुसून झाल्यावर कळलं. मग लॅपटॉपवरची गाणी एकदम निवडली आणि माझ्या खात्यात चढवली. माझी गाणी होती त्यातच तिचीही मिसळली. फोनने ती इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावून दिली आणि मी हात झटकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आईचा फोन. "अगं, ह्यात पहाटं पहाटं कुणाची हळद लागलीया! वंदना कुटं गेली?" मी हसले. हळदीचंच गाणं लागलेलं, मागून ऐकू येत होतं. म्हटलं, बुद्धवंदना असेल खाली कुठेतरी. तर ती म्हणाली, "खाली कशी आसंल? ती पयली आसती. तुज्या दादांनी तशी लावलीया." मग एकेक सांगायला लागली. वंदनेत झाडलोट आणि चूल पेटवणं. मग दोन भीमगीतं, तोवर अंघोळीचं पाणी. मग ते सिनेमातलं, शेळीच्या धारेचं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही हाताला लागतील तशी गाणी भरलीत. मी फोन ठेवला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

रविवारी पहाटेच औंढ्याला गेले. म्हटलं, आई, तू ओळीने सांग, मी लावते. तिला सांगता येईना. "अशी बसून न्हाई सांगता येत. हात पिठात जाऊ दे, मग सांगते." मग दिवसभर मी फोन घेऊन तिच्या मागे मागे. हात पिठात गेला की ती गुणगुणायची, मी ते गाणं शोधून वर ओढायचे आणि लावायचे. भाकरी उलटली की दुसरं. गाणी सरकवताना बोट घसरायचं, पाचव्या जागचं पन्नासाव्या जागी जाऊन पडायचं, की पुन्हा शोधा. बंगल्याकडे निघालो तेव्हा ती म्हणाली, इथे ते लांबलचक, गोष्ट सांगणारं भीमगीत. चढ संपेपर्यंत पुरेल असं तुम्ही शोधून काढलं होतंत म्हणे. पण त्या वाटेवर आता प्लॉटवाल्यांनी फाटक घातलंय, तिला वळसा घालून जावं लागतं, आणि गुडघेही पूर्वीचे राहिले नाहीत. गाणं संपून तीन गाणी झाली तेव्हा आम्ही वर पोचलो. म्हणजे बंगल्यातल्या आवराआवरीची गाणी अर्ध्या चढावरच वाजून गेलेली.

तेव्हा मला एकेक दिसायला लागलं. चुलीवर पाणी तापायला दोन गीतं लागायची, आता गॅसवर एका गीतातच उकळतं. तरी ती दुसरं संपेपर्यंत बादलीपाशी बसून राहिली होती. शेळ्या तर केव्हाच विकल्या, पण धारेचं गाणं आलं तशी ती मागच्या दारी जाऊन टेकली होती, हात मांडीवर ठेवून. मी विचारलं, "हे ठेवू का आता?" ती म्हणाली, "व्हतं ना तितं? मग ठेव." मी ठेवलं. दिवेलागणीला शेवटचं गाणं जागेवर बसलं. डोळे चुरचुरत होते, मान अवघडलेली, पण कितीतरी महिन्यांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं. येताना मी तिला बजावून सांगितलं, इथे दाबायचं, यादी आपोआप सुरू होईल, दुसरं काही दाबायचं नाही.

मंगळवारी डबा खाताना सहज बघितलं. एका खात्याचा हा एक उपयोग, आई काय ऐकते ते मला दिसतं. यादीतलं एकही गाणं नव्हतं. पंजाबी नाचाचं गाणं, त्याखाली एक गझल, त्याखाली इंग्रजी संभाषणाचा पहिला धडा. सगळं माझं. कधीतरी ऐकू म्हणून मी गोळा केलेलं आणि एकदाही न ऐकलेलं. मला वाटलं, चुकून लागलं असेल. तिला फोन केला.

"आई, यादी लागत नाहीये का?"

"लागती की."

"मग हे काय ऐकतेयस?"

"तुजंच हाय. लय हाय गं तुज्यात! पुढं काय यील काय सांगता येत न्हाई. मगा एक बाय विंग्रजीत बोलाय लागली, मी म्हनलं बोल बाई."

"अगं, पण दादांनी तुझ्यासाठी लावलं होतं ते. मी अख्खा रविवार..."

 मागून झाडूचा आवाज येत होता, तो थांबला. "व्हय, माज्यासाठीच लावलं व्हतं. ऐकलं की मी इतकी वर्सं. पानी तापलं तरी बसून ऱ्हायले, की त्यांचं गानं अजून व्हायचंय. तुज्यासंगं फिरले तवा माजं मलाच हसू आलं. शेळ्या न्हाईत, चूल न्हाई, वाट न्हाई. मानूस गेलं. आता माज्या पायाला जमंल तसं चालते मी." मग म्हणाली, "रागावलीस व्हय? जेवलीस का?"

जेवले म्हणून सांगितलं. डबा तसाच होता. मला राग आला होता, दादा, खरंच आला होता. इतकी दमून जाते मी, एक दिवस सुट्टीचा, तोही मी त्या गाण्यांत घातला. दुपारभर स्टोअरमध्ये माल मोजताना मी मनात तिच्याशी भांडत होते. म्हणत होते, तुला काय, तू विसरायला मोकळी झालीस. संध्याकाळपर्यंत भांडण संपलं. ती विसरलेली नाही. तुम्ही तिला जे दिलंत ते तिने इतकी वर्षं रोज वापरलं, आता तिचं ऐकून झालंय. उलट मला बरं वाटायला हवं होतं. तिच्या आवाजात इतकी मजा मी फार दिवसांनी ऐकली.

यादी मी माझ्या फोनवरून काढलेली नाही. सकाळी वराळ्याला जाणारी कंपनीची बस सुटली की तीच लावते. वंदना, मग दोन गीतं, मग धारेचं. माझ्या सकाळीला त्यातलं काहीच लागू पडत नाही, आणि खरं सांगू, काही गाणी मला मुळीच आवडत नाहीत. तरी पुढे ढकलत नाही. तुम्ही सगळ्या मावळाला गाणी भरून दिलीत, ट्रॅक्टरवाल्याला, ड्रायव्हरला, त्या मावशीला, आईला. मला कधी विचारलं नाहीत, कशावर वाजवायचीत म्हणून. मीही कधी कार्ड पुढे केलं नाही, तुम्ही ओरडलात त्यानंतर तर नाहीच. आईसाठी करतेय, असं मी त्या रविवारी घरी सांगून निघाले होते. ते खरं नव्हतं, दादा. मला एक कार्ड हवं होतं.