आडावरचा पॅराशूटचा दोर

अप्पा, तुम्ही पेन्शनीत निघून घरी आलात तिथूनच सांगते. पत्र्याच्या ट्रंकेत गणवेशाखाली हिरवट दोराचं मोठं वेटोळं होतं. लष्करात तुमचं काम पॅराशूटच्या घड्या घालून बांधायचं, आणि तपासणीत बाद झालेल्या पॅराशूटचा तो दोर साहेबांनी तुम्हाला निघताना दिला होता. पेन्सिलीपेक्षाही बारीक. मला जवळ बसवून तुम्ही त्याचं टोक उसवलंत. वर विणलेली खोळ, आत सात पांढऱ्या दोऱ्या. आधी हे दोर रेशमाचे असायचे, मोठ्या लढाईत रेशीम मिळेना तेव्हा नायलॉनचे आले, असं तुम्ही सांगितलंत आणि मी गुंग होऊन ऐकलं. मग घरभर तोच दोर. कपडे वाळत घालायला तो, धाकट्याचा पाळणा टांगायला तो, बाजेला तो. आतली एक दोरी सुईत ओवून तुम्ही माझी तुटकी चप्पल शिवलीत. चप्पल झिजून गेली, शिवण तशीच राहिली. गल्लीतली माणसं बघायला यायची. दोन गडी लोंबकळले तरी तुटायचा न्हाय, असं तुम्ही प्रत्येकाला सांगायचात.

बहात्तरच्या दुष्काळात नळ बंद पडले आणि गल्लीतल्या आडाचं पाणी तळाला गेलं. आपला काथ्याचा दोर पुरेना, तेव्हा तुम्ही पोहऱ्याला पॅराशूटचा दोर बांधलात. पाणी ओढायची मात्र आई. भरला पोहरा वर येईस्तोवर तो बारीक दोर तिच्या तळहातात रुतायचा, ओला झाला की सटकायचा आणि सटकताना कातडी सोलून न्यायचा. ती लुगड्याची चिंधी गुंडाळायची. भाकरीच्या पिठात ऊन पाणी घालून मळायला घेतलं की तिचा श्वास अडकायचा, तो मला चुलीपलीकडून ऐकू यायचा. भाकरी चिरते आहे, एवढं तुमच्या ध्यानात आलं. तसं तुम्ही बोललातही.

शेजारच्या तेलुगू विणकराच्या बायकोनं एकदा तिला आपला जाड दोर वापरायला दिला. तुम्ही आडावर आलात, सगळ्या बायकांसमोर तो सोडलात आणि म्हणालात, ज्याच्या भरवशावर माणसं विमानातून उड्या टाकतात तो दोर हिला चालत न्हाय. आईनं तुमचा दोर पुन्हा पोहऱ्याला बांधला. रात्री जेवायला वाढताना मात्र हळूच म्हणाली, "उद्या एक दिस तुमी काढा की पाणी."

सकाळी तुम्ही ट्रंक उघडता. तळातून लष्करातले कातडी हातमोजे काढता, दोन्ही हातांत नीट चढवता आणि आडावर जाता. गल्ली बघत असते. एकेक घागर भरत जाते. "बगा, हाय का काय तरास?" तुम्ही हसत विचारता. आई काठाशी उभी आहे, तुमच्या तोंडाकडे न बघता ती हातमोज्यांकडे बघते आहे. घरी येऊन तुम्ही ते पुसलेत, सावलीत वाळवलेत आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलंत. दुसऱ्या दिवशी आई चिंधी गुंडाळून आडावर गेली.

त्याच उन्हाळ्यात तिचा उजवा हात चिघळला. सरकारी दवाखान्यात चिरा द्यावा लागला. कशानं झालं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्ही दोर किती वजन पेलतो ते सांगायला लागलात. दोन बोटं पुढं कधी पुरती मिटली नाहीत. ती तळहाताच्या मुळानं भाकऱ्या थापत राहिली, आणि तुम्ही त्या खात राहिलात. पाऊस झाला, नळ आले, घरात कुणी तो विषय काढला नाही.

तुमच्या बाजूनं काही सापडतं का, हे मी पुष्कळ शोधलं. शिस्त असेल, सरकारी वस्तूचा मान असेल, बायकांना कसले हातमोजे, असा त्या काळचा विचार असेल. पण किल्ली तुमच्या कमरेला होती, अप्पा, आणि आई रोज तुमच्यासमोरून आडावर जात होती.

हे मी कुठं पाठवणार नाही, कुणाला वाचूनही दाखवणार नाही. कबूल करायचं ते एवढंच. आईला आठवायला बसते तेव्हा तिचं एखाद-दुसरं वाक्यच हाती लागतं, कारण ती बोललीच किती. तुमचं बोलणं मात्र तासन्‌तास आठवतं, आणि ते अजून गोड वाटतं.