फिलोमिनाची तोंडी परीक्षा

शुक्रवार, १० फेब्रुवारी १९९५
सिल्व्हर पार्क, मीरा रोड

माझी विद्यार्थिनी, उत्तनच्या कोळीवाड्यातली फिलोमिना, आज पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पास झाली. परीक्षा तिची, घाम मला!

तिची आई ठेवणीतलं लुगडं नेसून शेवटच्या बाकावर बसली होती, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. माझ्यासाठी आणलेली. सगळा हॉल घमघमत होता. मी विद्यापीठात लागले तेव्हा आमच्या प्राणिशास्त्र विभागाला रसायनशास्त्रवाल्यांनी उसनी दिलेली एकच खोली होती. आज स्वतःची इमारत आहे, आणि त्या इमारतीत बोंबलांचा वास! प्रबंध बोंबलांवरच होता म्हणा.

मध्येच बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अवघड प्रश्न टाकला आणि फिलोमिना गप्प. मार्गदर्शक म्हणून मला तोंड उघडायची सोय नव्हती. उगाच पाणी प्यायले. मग ती हसली, फळ्याकडे गेली आणि आकृती काढून असं उत्तर दिलं, की परीक्षकच टिपून घ्यायला लागले.

बाहेर आल्यावर आईने मला मिठीच मारली. ‘पोर गप झाली तवा माझा जीवच गेला व्हता, बाई.’

‘माझाही,’ मी म्हटलं.

‘हिची धाकटी बहीण बारावीला हाय. तिला पन घ्याल?’

‘घेईन की! तिलाही मासेच ना?’

‘न्हाय. तिला तारं बघायचं हायत.’

पूर्वी, त्या उसन्या खोलीच्या दिवसांत, ‘ते आमच्याकडे नाही’ म्हणून मी मोकळी झाले असते. आज सरळ आईचा हात धरला आणि मायलेकींना समोरच्या इमारतीत, ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या पदार्थविज्ञानवाल्यांकडे घेऊन गेले.