क्रुसासमोरची खिडकी

१२ फेब्रुवारी २०२४

बेलाला पुन्हा वाफ द्यावी लागली. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं खोदकाम, आणि आमच्या जुन्या सागवानी खिडक्यांना नुसत्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिल्या — बंद केल्या तरी धूळ आतच. डॉक्टर स्पष्ट बोलले: खिडक्या बदला, नाहीतर घर बदला.

शर्लीचा लगेच फोन. "डॅडी, मम्माला कांदिवलीला आणा. माझ्याकडे लिफ्ट आहे, सगळं आहे."

बेला पलंगावरून ओरडली, "लिफ्टशी बोलू का दिवसभर? मी हे घर सोडणार नाही!"

मग खिडक्याच.

१५ फेब्रुवारी

अंधेरीचं हे आमचं गावठाण वारसा यादीत. मूळ खिडकीला हात लावायचा तर समितीची परवानगी हवी. जन्मभर वर्तमानपत्राला वेळेत बातम्या दिल्या. बायकोचा दमा अर्जात बसवताना मात्र हात अडला.

२ मार्च

क्लेमेंट आला — दोन घरं सोडून राहतो, गावठाण मंडळाचा अध्यक्ष. "अरे, आज तुझी खिडकी गेली, उद्या आख्ख्या आळीची वाट लागेल. मग बिल्डरला अडवायला काय दाखवणार आपण?"

बेला म्हणाली, "आणि माझी वाट लागली तर चालेल काय रे तुला?"

चहा न घेताच गेला.

२६ मार्च

परवानगी आली. आजाराचं कारण मान्य! चौकट सागाची, जुन्याच नमुन्याची. आत दुहेरी काच.

३ एप्रिल

मरोळचा काचवाला नितेश माप घेऊन गेला. रस्त्याकडच्या खिडकीपाशी थांबला. "साहेब, धूळ याच बाजूची. उघडती ठेवली तर फट राहणार. फिक्स काच टाका." मी हो म्हटलं. बेलाही हो म्हणाली.

१९ एप्रिल

बसवल्या. काय शांतता! बेला इनहेलर न घेता झोपली.

२७ एप्रिल

अजून एकदाही वाफ नाही. शर्लीला कळवलं. जरा ऐटीतच.

१ मे

काय करून बसलो आम्ही! दोघंही!

मे महिनाभर घरासमोरच्या क्रुसापाशी संध्याकाळी रोझरी, माळेची प्रार्थना. गुडघे गेल्यापासून बेला पायऱ्या उतरत नाही. ती खिडकीत बसून प्रार्थना सांगते, बाहेर आळी उत्तर देते. माप देताना डोक्यात फक्त धूळ. हे दोघांनाही आठवलं नाही.

आज माणसं जमली. बेला डोक्यावर ओढणी घेऊन खिडकीत. "नमो मरिया" सुरू केलं. बाहेर कुणाला ऐकूच जाईना. मी धावत दार उघडलं — धूळ आत, हिला ठसका. शेवटी क्लेमेंटने बाहेरून हात केला, राहू दे म्हणून, आणि स्वतः सुरुवात केली. बेला काचेमागे आपल्याच लयीत म्हणत राहिली. बाहेरचे उठून गेले तरी तिची अर्धी माळ बाकी होती.

४ मे

नितेशला फोन. "उघडती करून देतो साहेब, पण धूळ येणार." बेला म्हणाली, नको.

क्लेमेंट येऊन गेला. "तू फोनवर सांग गं, मी क्रुसापाशी स्पीकर लावतो."

"मी काय रेडिओ आहे?" हसली. पण नाहीच म्हणाली.

११ मे

जाणारे-येणारे काचेतून हात हलवतात. पूर्वी हाक मारायचे, भांडायचे, कोळंबी ताजी आहे की नाही ते तिला विचारून घ्यायचे. आता बेला खिडकीकडे पाठ करून बसते.

१४ मे

खोकला नाही. धाप नाही. सकाळी उठलो तर बेला कपाट उघडून साड्या बॅगेत भरत होती.

"शर्लीला सांग, येतो म्हणून."