कानात सांगायचे नाव

चि. बळवंत यास,
धारहून अक्काचे आशीर्वाद.

तू लिहिलेस की बारशाला यायची दगदग करू नकोस, बाळाच्या कानात नाव माझी मेहुणी सांगेल. आत्या जिवंत असताना मावशी? तुला अडचण माझ्या तोंडाची आहे बळवंता, तेवढे सरळ लिहायचे होते.

माझ्या नाकपुडीवरची जखम वर्षभर भरली नाही, तेव्हा तुम्ही सारे महारोग म्हणून मोकळे झालात. इंदूरच्या डॉक्टराने तपासून कातडीचा कर्करोग सांगितला. "बाई, ये छूत की बीमारी नहीं," असे तो यांच्यादेखत म्हणाला. मग भूल देऊन त्याने नाकपुडी कापली. नथ गेली, मी राहिले. रोज आरशात बघून कुंकू लावते. इथे धारला तोंडावर पदर ओढत नाही, तुझ्या देवासातही ओढणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही, कारण तू नकार कळवशील; येताना बरोबर आणून तुझ्या हातात देईन. उद्या गाडी जुंपायला सांगितली आहे, मीच दारात येऊन उभी राहीन. नाव ठरवले आहे. ते आधी बाळाला कळेल, मग तुम्हाला. त्याला अजून कुणाचे तोंड बघून मान फिरवता येत नाही.

नाव सांगितले की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. पहिला धपाटा तुझ्या बायकोचा पाहिजे. तिचा हात माझ्या पाठीवर पडेपर्यंत मी पाळण्यापासून हलणार नाही.

तुझी थोरली बहीण,
अक्का