एकवीस फुटांच्या आत

हेलेना, मोंटाना
रविवार, १ जून

प्रिय डॅड,

मी ठीक आहे. तुझी पाठ कशी आहे आणि टोमॅटोची रोपं बाहेर लावलीस का, ते कळव. हे फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर तू "थांब हं, मॉमला देतो" म्हणतोस, आणि लगेच देतोस. म्हणून पत्र.

झालं ते असं:

१. काल तू दिलेली कॅम्पर गाडी सपाट जागेवर उभी करून मोजली.
२. मोजण्याआधी मागची सायकली अडकवायची चौकट काढली. दोन पिना आणि एक बोल्ट.
३. बंपर ते बंपर लांबी: वीस फूट सात इंच.
४. ग्लेशियर पार्कात लोगन खिंडीच्या रस्त्यावर एकवीस फुटांपर्यंतची गाडी चालते.
५. चौकट परत लावलेली नाही.

पहिल्यांदा नुसती फीत धरून मोजलं. आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून दोन्ही बंपरवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि पुन्हा मोजलं. तेच आलं. रुंदी आरशांसकट आठ फुटांच्या आत आहे. उंची छतावरच्या झरोक्यासकट नऊ फूट दोन इंच, म्हणजे रस्त्यावर झुकलेल्या कड्याखालूनही जाईल.

ऑक्टोबरमध्ये गाडी माझ्या हवाली केलीस तेव्हा तू एकच गोष्ट सांगितली होतीस. "बावीस फूट चार इंच आहे. खिंडीवर नेता येत नाही." तो आकडा चौकट धरून होता. ब्रेकबद्दल काही बोलला नाहीस. गॅसच्या नळीबद्दलही नाही, आणि ती बदलायला झाली होती. मी नवी टाकली आहे.

मग मी मॉमला फोन केला.

"मॉम, गाडी लांब नाहीये."

"कोणती गाडी?"

"मॉम."

"तुझ्या डॅडने लांब आहे म्हणून सांगितलंय ना? मग लांब आहे."

"मी मोजलीये."

"मोजणारच तू. लहानपणी पॅनकेकसुद्धा मोजायचीस." मग म्हणाली, "मारेन, त्याला फोनवर विचारू नकोस. फोन माझ्याकडे देईल."

एवढंच. तिला माहीत आहे, हे मला कळलं. तिने इतकी वर्षं एकदाही सांगितलं नाही, हेही कळलं.

लहानपणच्या उन्हाळ्यातली, पार्काच्या पश्चिम दाराजवळच्या ॲपगार तळावरची सकाळ मला अजून नीट आठवते. मॉम डबे भरायची आणि म्हणायची, "वेंडल, आम्ही पार्कच्या बसने चाललोय. गाडी इथेच राहू दे, तू चल."

"आणि बॅटरी?"

"बॅटरीला काय झालंय?"

"काही नाही. होऊ नये म्हणून कुणीतरी थांबायला हवं." नाहीतर तू म्हणायचास, ट्राउट मासे काय आपोआप तळले जाणार आहेत का.

संध्याकाळी आम्ही उतरलो की तू मला लाकडी बाकावर समोर बसवून प्रश्न विचारायचास. रस्ता किती रुंद? बस समोरून आली तर कोण थांबतं? दगडी कठडा केवढा? मी दरवर्षी गुडघ्याजवळ हात नेऊन दाखवायचे. माझी उंची वाढत गेली तसा हातही वर जात गेला. "कठडा वाढतोय की तू?" असं तू विचारायचास. मग एका वर्षी मी शाळेतली फूटपट्टी घेऊन गेले. बस थांबली तिथे उतरून कठडा मोजला. मॉमने माझा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता.

हे सगळे प्रश्न मी अलीकडे पुन्हा आठवून पाहिले. डोंगर कसा दिसतो, असं तू कधीच विचारलं नाहीस. तुझे सगळे प्रश्न कडेबद्दल होते. घराची पन्हळं मॉमच साफ करते आणि शिडी तू धरतोस, हेही मला आधी कधी जोडून पाहावंसं वाटलं नव्हतं.

तुला उंचीची भीती वाटते, असं माझं अनुमान आहे. चूक असेल तर दुरुस्त कर. मी रागावलेली नाही. पिना काढताना थोडी रागावले होते. बोल्ट सुटेपर्यंत राग गेला. आता उरलंय ते कुतूहल, आणि त्याला कारण आहे.

मार्चमध्ये मी कामावर होते. आमच्या तपासणीच्या गाडीला एक लांब हात असतो. तो पुलाच्या कठड्यावरून खाली वळतो आणि टोकाच्या पाळण्यात बसून आम्ही पुलाचं पोट बघतो. चार वर्षं मी हे करतेय. त्या दिवशी नेहमीचाच पूल होता, वाराही नव्हता. पाळणा चालवायला चेट होता. एका जोडाचा फोटो काढला, कॅमेरा खाली केला आणि मी पाळण्याच्या तळाशी बसले. म्हणजे बसायचं असं ठरवलं नव्हतं.

"मॅडम, काही पडलं का?"

"नाही."

"मग नट मोजताय? खाली नट नाहीत, माझे बूट आहेत."

"चेट, परत घे."

"आत्ता तर आलो!"

"परत घे."

त्याने घेतलं. रस्त्यावर उतरल्यावर त्याने सूर्यफुलाच्या बियांची पिशवी पुढे केली आणि म्हणाला, "माझी बायको लिफ्टमध्ये डोळे मिटते. तिला मी विचारत नाही का म्हणून. तुम्हालाही विचारत नाही." त्याने कुणाला काही सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी पुलांचे फोटो तपासते. पूल तपासत नाही.

मॉमला यातलं काही माहीत नाही. तू तिला पत्र वाचायला देशील, ते चालेल.

आता माझे प्रश्न. तुला कुठे सुरू होतं? मला गुडघ्यांच्या मागे, आतल्या बाजूला, आणि मग तळहातांत. आधी कळतं, की एकदम येतं? खाली बघितल्यावर जास्त होतं की वर? मला वर बघितल्यावर जास्त होतं, आणि हे मला समजत नाही. वयाबरोबर वाढलं, की तेवढंच राहिलं? तुला आधीपासून होतं की माझ्यासारखं एके दिवशी आलं? हे सगळं वाचायला मिळतं, मी वाचलं आहे. पण ते माझ्या घरातल्या माणसाबद्दल नाही.

बेत असा आहे. तू आणि मॉम ट्रेनने ईस्ट ग्लेशियरला उतरायचं. मी हेलेनाहून गाडी घेऊन येईन. पार्काच्या पूर्व दाराजवळ सेंट मेरीच्या तळावर जुलैच्या मधल्या आठवड्यात दोन रात्रींची जागा मिळाली आहे. कुणीतरी सोडलेली होती, मी घेतली. आपण नेहमी पश्चिमेच्या दाराने यायचो. या वेळी पूर्वेकडून शिरून पश्चिमेला उतरायचं. त्या दिशेने जाताना आपली बाजू डोंगराला लागून असते आणि दरी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या रांगेच्याही पलीकडे राहते. गाडी मी चालवेन. तू माझ्या उजवीकडे बस. तुझ्या खिडकीतून हात बाहेर काढलास तर दगडाला लागेल इतका कडा जवळ असतो. मॉम मागे बसून बोलत राहील, तिला सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. खिंड उतरल्यावर एक मोठं वळण आहे, त्याला लूप म्हणतात. तिथून रस्ता उलटा फिरतो आणि उतार तुझ्या बाजूला येतो. तिथे झाडं सुरू होतात, पण कड तुझ्या बाजूला असेल हे खरं आहे. तिथे थांबायला जागा आहे. तुला उतरायचं असेल तर मी थांबेन. मला थांबायचं असेल तर मी सांगेन. तेव्हा माझ्याशी बोलत राहा. कठड्याबद्दल विचारलंस तरी चालेल. अठरा इंच.

मला हे जमेल की नाही, मला माहीत नाही. गाडीचं स्टिअरिंग हातात असताना माझं काय होतं, हे मला बघायचं आहे. आणि ते तू शेजारी असताना बघायचं आहे, कारण ते काय असतं हे ठाऊक असलेलं आणखी एक माणूस गाडीत असेल.

उत्तर २० जूनपर्यंत हवं आहे. सेंट मेरीची जागा सोडायची मुदत त्यानंतरची आहे, ही तारीख तिची नाही. ती माझ्या ऑफिसची आहे. ऑगस्टमध्ये आमच्या विभागातल्या सर्वांत उंच पुलाचं काम निघतंय. पाळण्यात मी जाणार की माझ्या जागी दुसरं कुणी, ते मला त्या दिवशी सांगायचं आहे. दुसरं कुणी गेलं तर मग मी कायमची फोटो बघणारी होईन. तसं कुणी म्हणणार नाही. आपोआप होईल, तू बॅटरीजवळ थांबायचं ठरून गेलं तसं.

तू येणार असशील तर पाळण्यात मी जाते म्हणून ऑफिसात सांगेन.

हो कळव किंवा नाही कळव, दोन्ही चालेल. गाडी लांब आहे, हे उत्तर चालणार नाही. शुक्रवार, २० जूनपर्यंत पत्र माझ्या हातात पडेल असं पाठव.

गुडघ्यांसकट तुझीच,
मारेन